प्रवास-सूचना, परदेशगमनाच्या

परदेशी जाणाऱ्या नागरिकांना तेथील विलगीकरणाचे नियम व स्थानिक कायदे यांविषयी स्वदेशाच्या सरकारने दिलेली माहिती. ही सूचना सल्ल्यापुरती असते. पाळावा लागतो तो यजमान देशाचा कायदा.

विलगीकरणाच्या उगमाबाबत मतभेद आहेत. जुने संदर्भग्रंथ बहुधा व्हेनिसकडे बोट दाखवतात. तथापि रगूसा (क्रोएशियातील सध्याचे दुब्रोव्हनिक) येथील महासभेचा १३७७ चा आदेश उपलब्ध असून त्यात प्लेगग्रस्त भागातून येणाऱ्यांना महिनाभर शहराबाहेर ठेवण्याची तरतूद आहे. व्हेनिसचे कायमचे प्लेग-रुग्णालय १४२३ चे. इटलीतील रेज्जोचा १३७४ चा आदेश याहून आधीचा, पण त्याचा रोख मुख्यतः रोग्यांवर होता. निरोगी दिसणाऱ्या प्रवाशाला थांबवण्याची कल्पना रगूसाची मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पुढे तीसाचे चाळीस दिवस कसे झाले, याची धार्मिक व वैद्यकीय अशी दोन्ही स्पष्टीकरणे दिली जातात.

आज नित्य लागू असलेला नियम पीतज्वराचा (यलो फीव्हर). आफ्रिकेतील अनेक देशांत जाण्यासाठी लशीचे पिवळे कार्ड लागते. ते लशीनंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात व ११ जुलै २०१६ पासून आजन्म चालते. जळगाव, धुळ्याकडची मंडळी मुंबईच्या अधिकृत केंद्रात लस घेतात, तेव्हा हे दहा दिवस धरूनच तिकीट काढावे. कार्डावर पासपोर्ट क्रमांक, लशीचा बॅच क्रमांक, सही व केंद्राचा शिक्का पाहून घ्यावा. पासपोर्ट नवा झाला की क्रमांक जुळत नाही आणि अडवणूक होते. पीतज्वराच्या देशातून कार्डाविना भारतात परतणाऱ्यास तो प्रदेश सोडल्यापासून सहा दिवस पूर्ण होईपर्यंत विलग ठेवता येते.

स्थानिक कायद्यांत खानदेशी सामानाला नडते ती खसखस. संयुक्त अरब अमिराती व सिंगापूर येथे ती अंमली पदार्थांविषयीच्या निर्बंधांत मोडते. सुटी पुडी कोणी नेत नाही. पण घरच्या काळ्या मसाल्यात ती कुटलेली असते, अनारशांवर तर उघड दिसते. असा डबा घरीच ठेवावा. कोडीन वा ट्रॅमाडोल ही वेदनाशामके असलेल्या गोळ्यांसाठी अमिरातीत पूर्वपरवानगी लागते. नुसती डॉक्टरची चिठ्ठी पुरेशी नाही.

अटक झाल्यास आपल्या वकिलातीला कळवा, अशी मागणी करण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारातील कलम ३६ देते. वकिलात भेटते, वकिलांची यादी देते. खटला मात्र तिथल्याच कायद्याने चालतो.

परतताना केळीचे कंद आणण्याचा मोह रावेर-यावलच्या बागायतदारांनी टाळावा. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार त्यासाठी आयात परवाना व निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक आहे.