हलक्या हाताची रसायनक्रिया

अंडं उकडलं की त्यातलं प्रथिन कायमचं बदलतं. मग ते कितीही थंड केलं तरी पुन्हा पातळ होत नाही. प्रथिनाचं काम त्याच्या घडीवर चालतं आणि उष्णतेने किंवा तीव्र आम्लाने ती घडी मोडते. म्हणून प्रथिनाला दुसरा रेणू जोडायचा तर रसायनशास्त्रातले नेहमीचे जहाल उपाय कामाचे नाहीत. सगळं पाण्यात, सौम्य तापमानाला उरकावं लागतं.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण पुण्याचं आहे: सीरम इन्स्टिट्यूटची मेनअफ्रिव्हॅक ही मेनिंजायटिसवरची, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहावरची, लस.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेनिंजायटिसच्या साथी वारंवार येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून जास्त रुग्ण आणि सुमारे २५,००० मृत्यू झाले. हा आजार घडवणाऱ्या ‘ए’ गटातल्या जिवाणूभोवती शर्करेच्या लांब साखळ्यांचं कवच असतं. नुसती ती शर्करा टोचली तर तान्ह्या मुलांचं शरीर फारशी दाद देत नाही, कारण टी पेशींची, म्हणजे प्रतिकाराला बळ देणाऱ्या पांढऱ्या पेशींची, मदत मिळवायला प्रथिन लागतं. तीच शर्करा धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला, म्हणजे निर्विष केलेल्या प्रथिनाला, जोडली की टी पेशी कामाला लागतात आणि प्रतिकाराची स्मृतीही टिकते.

पण जोडायची कशी? आधी पिरियोडेट हे रसायन वापरून शर्करेवर अल्डिहाइड गट, म्हणजे दुसऱ्या रेणूशी जुळू शकणारे अणूंचे समूह, तयार करतात. प्रथिनावर लायसिन या अमिनो आम्लाचे अमाइन गट असतातच, मात्र सौम्य द्रावणात त्यातल्या बहुतेकांना प्रोटॉन चिकटलेला असतो. असा अमाइन अल्डिहाइडशी जुळत नाही. त्यामुळे जुन्या पद्धतीत वेळ फार जाई आणि महागडा माल वाया जाई.

अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेतल्या ली आणि फ्रॅश यांनी यावर जी युक्ती काढली, तिचं मला फार कौतुक वाटतं. त्यांनी प्रथिनावर आधीच हायड्राझाइड गट बसवले. हा गट किंचित आम्लधर्मी द्रावणातही प्रोटॉन धरत नाही, मोकळा राहतो आणि अल्डिहाइड भेटताच जुळतो. शेवटी सोडियम बोरोहायड्राइडने तो बंध पक्का करायचा. ना उकळणं, ना तीव्र आम्ल. आणि हाती येणारा माल कितीतरी जास्त.

हे तंत्र पुण्याला दिलं गेलं आणि त्याचा थेट परिणाम किमतीवर झाला: एक डोस ५० अमेरिकी सेंटच्या आत. आफ्रिकी देशांनी परवडेल म्हणून सांगितलेली किंमत हीच होती. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. ‘ए’ गटाची शर्करा पाण्यात हळूहळू तुटते, म्हणून लस गोठवून सुकवलेल्या भुकटीच्या रूपात जाते आणि टोचण्याआधी विरघळवतात.

पुढे त्या पट्ट्यातल्या ‘ए’ गटाच्या साथी जवळजवळ थांबल्या, पण ‘सी’, ‘डब्ल्यू’ आणि ‘एक्स’ गट उरले. त्यांच्यासाठी सीरमनेच पाच गटांची जोडलस तयार केली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वांत आधी वापरली.