शिडाच्या होडीचा पंखा आणि दोन अंशांचा फरक

२९ मे २०२५ रोजी ‘तारिणी’ गोव्यात परत आली. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या नौदलातल्या दोघींनी ५६ फुटी शिडाच्या होडीतून, वाऱ्याच्या बळावर, पृथ्वीला फेरी मारली. टीव्हीवर ती बातमी चालू असताना शेजारचे काका म्हणाले, “वाऱ्यावरच जायचं तर असल्या होड्यांना खाली इंजिनाचा पंखा कशाला लावतात?” तेव्हा दिलेलं उत्तर घाईचं होतं. ते इथे नीट मांडतो, कारण त्या पंख्यात मला फार आवडणारं एक भौतिकशास्त्र दडलेलं आहे.

आधी साधं उत्तर. वारा पडतो, बंदराच्या तोंडाशी ओहोटीचा ओढा उलटा असतो, धक्क्याला लागताना चार हात जागेत वळायचं असतं. त्यासाठी होडीच्या पोटात एक छोटं डिझेल इंजिन असतं. त्याचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, तळातून मागे बाहेर येतो आणि टोकाला पंखा. प्रोपेलर म्हणा हवं तर. कोकणातले खलाशी पंखाच म्हणतात.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ १६ × ११. पहिला आकडा व्यास, इंचांत. दुसरा पिच. पिच समजायला लाकडाचा स्क्रू हातात घ्या. स्क्रूला एक पूर्ण फेरा दिला की तो दोन आट्यांमधल्या अंतराइतका आत जातो. पंख्याची पाती म्हणजे अशाच एका मोठ्या आट्याचे कापून घेतलेले तुकडे. पाणी लाकडासारखं घट्ट असतं, तर ११ पिचचा पंखा एका फेऱ्यात होडीला ११ इंच पुढे नेता. कोनाच्या मापकाने हा पिच थेट मोजता येत नाही, कारण तो आहे अंतर, कोन नव्हे.

पंखा हा आटाच आहे हे इतिहासातही दिसतं. इंग्लंडमधला शेतकरी फ्रान्सिस पेटिट स्मिथ याने १८३६ मध्ये ज्या पंख्याचं पेटंट घेतलं, तो खरोखर लांबलचक लाकडी स्क्रू होता, पूर्ण दोन वेढ्यांचा. १८३७ मध्ये कालव्यात चाचणी चालू असताना त्याचा अर्धा भाग मोडला. होडी थांबायला हवी होती, ती उलट जास्त वेगाने पळाली! पाण्याला ढकलायला एवढा लांब आटा लागतच नव्हता, जास्तीचा भाग नुसता पाण्याशी घासत होता. आजचा पंखा त्याच धड्यातून आणखी आखूड होत गेला.

आता आकडेमोड करू. बत्तीस फुटी होडी घ्या, पाण्यात बुडालेली लांबी २८ फूट. तीन सिलिंडरचं, सुमारे २९ अश्वशक्तीचं, पूर्ण ताकदीला मिनिटाला ३,६०० फेरे (आरपीएम) फिरणारं इंजिन. गिअरबॉक्स वेग २.६२ पटींनी कमी करतो, म्हणजे पंखा मिनिटाला १,३७४ फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्याला ११ इंच धरले तर होडी साडेबारा नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जायला हवी. प्रत्यक्षात जाते सातने. जवळजवळ ४४ टक्के गेले कुठे?

याला घसर म्हणतात. आणि इथेच बहुतेकांचा समज चुकतो. घसर म्हणजे वाया गेलेली मेहनत, ती शून्य झाली पाहिजे, असं वाटतं. पण घसर शून्य झाली तर पंखा पाण्याला न ढकलता त्यातून निसटत जाईल आणि रेटा मिळणारच नाही. न्यूटनचा नियम: होडी पुढे जायची तर पाणी मागे जायलाच हवं. प्रश्न एवढाच की थोडं पाणी जोरात फेकायचं की पुष्कळ पाणी हळू. दुसरं केव्हाही स्वस्त, कारण रेटा वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण त्यासाठी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून शिडाच्या होडीला मोठा, सावकाश फिरणारा पंखा आणि मध्ये गिअरबॉक्स.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. जरा सावकाश वाचा, हवं तर कागदावर त्रिकोण काढा.

पात्याचं टोक एका फेऱ्यात ५० इंचांचं वर्तुळ काढतं (१६ गुणिले π, म्हणजे ३.१४). त्याच वेळात ते आट्याप्रमाणे ११ इंच पुढे सरकायला हवं. ५० इंच आडवं, ११ इंच पुढे: या त्रिकोणाचा कोन १२ अंशांच्या आसपास येतो. पात्याच्या मुळाजवळ, केंद्रापासून दोन इंचांवर, वर्तुळ फक्त साडेबारा इंचांचं, पण पुढे जायचं तितकंच, ११ इंच. तिथे कोन होतो ४१ अंश. म्हणून पातं पिळवटलेलं दिसतं, मुळाशी उभट आणि टोकाशी आडवं. ही शोभा नव्हे. सगळं पातं मिळून एकाच पिचचा आटा राहावा म्हणून तो पीळ लागतो.

पण होडी एका फेऱ्यात ११ इंच जात नाही. सात नॉटच्या वेगाने ती जेमतेम सव्वासहा इंच जाते. म्हणजे टोकाशी पाणी येतं ७ अंशांच्या उतारावरून, आणि पातं बसवलेलं आहे १२ अंशांवर. या दोहोंतला फरक, पाच अंश आणि थोडं, हा पाणी पात्याला भिडण्याचा कोन. सगळा रेटा या पाच अंशांतून येतो, विमानाच्या पंखाला वारा भिडून उचल मिळते तसाच. (तळाला चिकटून ओढलं जाणारं पाणी आणि पंख्याने स्वतः आत ओढलेलं पाणी इथे सोडून दिलंय. खऱ्या हिशोबात तेही येतं.)

समोरून लाटा आल्या, होडी चार नॉटवर आली, आणि फेरे तेवढेच ठेवायचे म्हटलं, तर पाणी येण्याचा उतार ४ अंशांवर येतो आणि भिडण्याचा कोन ८ अंशांच्या पुढे जातो. पात्यावरचा भार एकदम वाढतो. उलट शीडही लावलंय, वारा मागून आहे, होडी आधीच पळते आहे, तेव्हा कोन आटतो आणि पंखा जवळजवळ रिकामा फिरतो. पात्याचा कोन तोच, पिच तोच, पण इंजिनावरचं ओझं पूर्ण वेगळं. एकच पिच सगळ्या परिस्थितीत योग्य असूच शकत नाही. जो निवडतो तो एक परिस्थिती निवडतो.

आणि ओझं वाहायचं कोणी? डिझेल इंजिनाने. त्याचा स्वभाव ओळखल्याशिवाय पिचला हात लावू नये. होडीतला लिव्हर डिझेल किती जावं हे ठरवत नाही, फेरे किती हवेत हे ठरवतो. तेवढे फेरे टिकवायला लागेल तेवढं डिझेल गव्हर्नर नावाची यंत्रणा आपोआप सोडते. पिच जास्त असला की लिव्हर अर्ध्यावर असताना काहीच जाणवत नाही, कारण गव्हर्नर गुपचूप जास्त डिझेल घालून वेळ निभावून नेतो. पंख्याला लागणारी ताकद ढोबळमानाने फेऱ्यांच्या घनाप्रमाणे वाढते. ऐंशी टक्के फेऱ्यांना निम्मीच ताकद लागते, त्यामुळे तिथे इंजिनाकडे भरपूर शिल्लक असते. खरी परीक्षा पूर्ण लिव्हरवर. ३,६०० वर जायला हवं तिथे इंजिन ३,२०० ला अडकतं, गव्हर्नर पुरेपूर डिझेल ओततो, तेवढं जाळायला सिलिंडरमध्ये हवा पुरत नाही, आणि अर्धवट जळलेला कार्बन काळा धूर होऊन बाहेर पडतो.

आपल्याकडे काळा धूर म्हणजे इंजिनात दम, असं कौतुकाने म्हणतात. ट्रॅक्टर असो, ट्रक असो, होडी असो. मला याचा मनापासून राग येतो. तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, तापलेले व्हॉल्व्ह आणि आजूबाजूच्यांच्या छातीत जाणारी काजळी. याच रोगावर डिझेलच्या नळीला बांधायचे चुंबकही विकले जातात. ‘रेणू सरळ होतात’ म्हणे. डिझेलचे रेणू चुंबकाला जवळपास दादच देत नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणं तपासली, लक्षणीय बचत करणारं त्यांत एकही निघालं नाही. चुंबकाच्या पैशात बोटीचा तळ दोनदा खरवडून होईल.

‘पिच वाढवला की वेग वाढतो’ हाही असाच एक समज. या होडीचा वेग पंखा ठरवत नाही, तिनेच उठवलेली लाट ठरवते. त्या लाटेच्या दोन शिखरांमधलं अंतर होडीच्या लांबीएवढं झालं की होडी मधल्या खळग्यात अडकते. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, म्हणजे २८ फुटांना सुमारे सात नॉट. त्यापुढे ताकद ओतली तर लाट मोठी होते, वेग नाही.

मग पिच बदलायचा कसा? साधा पितळी पंखा असेल तर तो काढून कारागिराकडे द्यावा लागतो. तो पाती तापवून, दाबून एखाद इंच इकडेतिकडे करून देतो. शिडाच्या होडीवर मात्र अनेकजण पाती फिरणारा पंखा लावतात, जसा इटलीचा मॅक्स-प्रॉप. इंजिन बंद करून शाफ्ट थांबवला की पाण्याच्या प्रवाहाने पाती कडेवर उभी राहतात आणि शिडावर जाताना ओढ खूप कमी होते. (डेन्मार्कचे गोरी आणि फ्लेक्सोफोल्ड पाती कळीसारखी मिटतात, हेतू तोच.) अशा पंख्याची पाती सपाट ठेवावी लागतात, कारण पीळ असलेलं पातं कडेवर उभं केलं तरी कुठेतरी आडवंच येणार. वर सांगितलेला सुंदर पीळ इथे सोडून द्यावा लागतो आणि थोडी कार्यक्षमता जाते. बदल्यात पात्यांचा कोन, आणि त्याबरोबर पिच, दोन-दोन अंशांच्या पायऱ्यांनी बदलता येतो. ब्रंटन्स कंपनीचा ऑटोप्रॉप तर आणखी पुढचा, त्याची पाती फेऱ्यांचा जोर आणि पाण्याचा दाब यांच्या तोलात स्वतःच पिच शोधतात.

माझ्या एका मित्राच्या बत्तीस फुटी होडीवर असाच पाती फिरणारा पंखा आहे, १६ इंची, विकणाऱ्याने २० अंशांवर लावून दिलेला. पूर्ण लिव्हरवर इंजिन ३,२५० च्या वर जाईना आणि मागची बाजू काजळीने काळी व्हायची. सपाट पात्याचा पिच जागेगणिक बदलतो, म्हणून एक जागा धरू: केंद्रापासून सात दशांश त्रिज्येवर २० अंश म्हणजे १२.८ इंच पिच, १८ अंश म्हणजे ११.४. एक इंच पिच कमी केला की इंजिनाचे दीडशे ते दोनशे फेरे वाढतात, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे दोन अंशांनी २०० ते २८० फेरे मिळायला हवेत.

पावसाळ्याआधी होडी पाण्याबाहेर काढली तेव्हा आम्ही पंखा खोलला. प्रत्येक पात्यावर आणि त्याच्या दातांवर खुणा केल्या, कारण एक पातं जरी दुसऱ्या खाचेत बसलं तर सगळी होडी थरथरते. तिन्ही पाती १८ अंशांवर बसवली, ग्रीस भरलं, शाफ्टवरचा जस्ताचा तुकडा नवा घातला. काम दीड तासाचं, तयारी दोन दिवसांची.

नोव्हेंबरात, सपाट पाण्यात, टाक्या भरून, तळ स्वच्छ असताना चाचणी घेतली. डॅशबोर्डावरच्या काट्यावर विसंबलो नाही, तो अल्टरनेटरवरून (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावरून) चालतो आणि पट्टा घसरला की चुकतो. पुलीवर चमकणारी पट्टी चिकटवून प्रकाशाच्या टॅकोमीटरने, म्हणजे फेरे मोजणाऱ्या यंत्राने, मोजलं. प्रवाहाचा परिणाम जावा म्हणून त्याच वाटेवर जाऊन-येऊन. दोन्हीकडे ३,४९०. धूर जवळजवळ नाही.

मित्राला आता १६ अंश करून पाहायचे आहेत, कारण अजून शंभर फेरे कमी पडतात आणि मार्चपर्यंत तळावर बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचधारी समुद्री जीव) बसले की आणखी कमी पडतील. माझं मत वेगळं आहे. १६ अंशांवर तळ स्वच्छ असताना गव्हर्नर ३,६०० ला आधीच आडवा येईल आणि समोरच्या लाटांत हवा असलेला रेटा कमी पडेल. दर महिन्याला पाण्यात उतरून पंखा आणि शाफ्ट खरवडायचा, असं तूर्त आमचं ठरलं आहे. पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा मोजू.