कृष्णवर्णीय अमेरिकी सिनेमा : पोस्टरांनी राखलेला इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी, कृष्णवर्णीय नटनट्यांना घेऊन साधारण ५०० चित्रपट निघाले. त्यांना 'रेस फिल्म' (रेस म्हणजे वंश) म्हणत. त्यांतले शंभरही आज पाहायला मिळत नाहीत. मुळात प्रती मोजक्याच काढल्या जायच्या, गावोगाव फिरून त्या झिजायच्या. नायट्रेटची फिल्म कुजायची, नाहीतर पेट घ्यायची. कंपनी बुडाली की डबे सांभाळायलाही कुणी उरत नसे. त्यामुळे या सिनेमाचा इतिहास शोधणाऱ्याला पोस्टरं, शोकार्डं, हँडबिलं आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिराती यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते. कित्येक चित्रपटांचा तेवढाच पुरावा शिल्लक आहे.

१९१५ साली 'द बर्थ ऑफ अ नेशन' आला. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेला त्यात तारणहार ठरवलं होतं आणि त्याच्या गाजलेल्या पोस्टरवर घोड्यावर स्वार झालेला बुरखाधारी क्लॅनवाला होता. पुढच्याच वर्षी नोबल आणि जॉर्ज जॉन्सन या भावांनी लिंकन मोशन पिक्चर कंपनी काढली. आपली माणसं शिकलेली, कष्टाळू, महत्त्वाकांक्षी दाखवायची हा त्यांचा निश्चय होता आणि पहिल्या चित्रपटाच्या नावातच 'अ‍ॅम्बिशन' हा शब्द होता. नोबल तेव्हा युनिव्हर्सल या हॉलिवूडच्या स्टुडिओच्या चित्रपटांतही कामं करत. कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या थिएटरांबाहेर लिंकनच्या पोस्टरवर त्यांचं नाव झळकलं की गर्दी तिकडे वळायची आणि युनिव्हर्सलचा धंदा बसायचा. अखेर युनिव्हर्सलच्या दबावामुळे १९१८ मध्ये त्यांना स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलं. पोस्टरवरच्या एका नावाची किंमत किती होती, हे यावरून कळतं.

धाकटे जॉर्ज ओमाहाच्या पोस्टात नोकरी करत आणि उरलेल्या वेळात पत्रव्यवहार करून चित्रपटांचं वितरण सांभाळत. कंपनी काही वर्षांतच बंद पडली. तिच्या एकाही चित्रपटाची पूर्ण प्रत आज नाही. १९२१ च्या 'बाय राइट ऑफ बर्थ'चा काही मिनिटांचा तुकडा तेवढा उरला आहे. पण जॉर्ज यांनी कात्रणं, पत्रं, फोटो, जाहिराती यांतलं काही टाकलं नाही, उलट पुढेही जमवत राहिले. तो संग्रह आता लॉस एंजलिसला, कॅलिफोर्निया विद्यापीठात आहे. माझ्या मते या सगळ्या कहाणीत सर्वांत मोठं काम या पोस्टातल्या कारकुनाचं आहे.

कृष्णवर्णीय दिग्दर्शक ऑस्कर मिशॉ यांचं नाव त्यांच्यापेक्षा जास्त गाजलं, आणि ते योग्यच आहे. साउथ डकोटात शेती करणारा, स्वतःची पुस्तकं दारोदार विकणारा हा माणूस १९१९ मध्ये चित्रपटाकडे वळला आणि त्याने चाळीसहून अधिक चित्रपट केले. विक्रीची कला अंगात मुरलेली होती. लोरेन्झो टकर या आपल्या नायकाची जाहिरात ते 'कृष्णवर्णीय व्हॅलेंटिनो' अशी करत. आपल्या नटाची ओळख गोऱ्या नटाच्या नावाने करून द्यावी लागत होती, हे वाचताना आजही टोचतं. प्रसिद्ध गायक-नट पॉल रोब्सन यांचा पडद्यावरचा पहिला चित्रपट, १९२५ चा 'बॉडी अँड सोल', मिशॉ यांचाच. 'विदिन अवर गेट्स' (१९२०) अनेक दशकं हरवलेला होता. त्याची प्रत सापडली ती स्पेनमध्ये, तीही मूकपटात मजकूर दाखवणाऱ्या स्पॅनिश पाट्यांसह. मग त्या पाट्या पुन्हा इंग्रजीत आणाव्या लागल्या. १९८३ मध्ये टेक्ससमधल्या टायलर गावी एका गोदामात अशाच जुन्या चित्रपटांचे डबे मिळाले.

या चित्रपटांना दक्षिणेत गोऱ्यांची थिएटरं बहुधा मध्यरात्रीच्या खेळालाच मिळत. दुकानांच्या काचेत लावायच्या 'विंडो कार्ड'वर वरचा भाग कोरा ठेवलेला असे. त्यात थिएटरचं नाव आणि खेळाची तारीख स्थानिक छापखान्यात छापून घ्यायची. अशी छापलेली कार्डं हाती आली की कोणता चित्रपट कुठल्या गावापर्यंत पोचला होता, हे थेट समजतं. खेळ संपल्यावर हा कागद फेकूनच दिला जाई, म्हणून जे वाचलं ते अपघातानं आणि काही हट्टी संग्राहकांमुळे. जॉन ड्यूक किश यांनी १९७० च्या दशकापासून जमवलेला 'सेपरेट सिनेमा' संग्रह २०२० मध्ये लॉस एंजलिसच्या लुकस संग्रहालयाने घेतला. त्यात ३७,००० हून अधिक वस्तू आहेत. २००८ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने जुन्या पोस्टरांवरून पाच तिकिटंही काढली.

हॉलिवूडचा कागद वेगळीच गोष्ट सांगतो. डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटात 'गॉन विथ द विंड'चा पहिला खेळ झाला. त्यात भूमिका करणाऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियल यांना वर्णभेदामुळे तिथे येता आलं नाही, आणि तिथल्या स्मरणिकेतून त्यांचं चित्रही काढून टाकण्यात आलं. दोनच महिन्यांनी त्याच भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, पण समारंभात त्यांचं टेबल वेगळं, भिंतीकडेला मांडलेलं होतं. सहायक भूमिकेसाठी तेव्हा बाहुली नव्हे, फलक देत. तो त्यांनी मृत्युपत्राने हॉवर्ड विद्यापीठाला दिला होता, तिथून तो हरवला. नवा फलक अकादमीने विद्यापीठाला दिला तो २०२३ मध्ये.

१९५८ च्या 'द डिफायंट वन्स'मध्ये कृष्णवर्णीय नट सिडनी पॉटिए यांचं नाव शीर्षकाच्या वर आलं, कारण गोरे सहनायक टोनी कर्टिस यांनी तसा आग्रह धरला. १९७१ मध्ये 'स्वीट स्वीटबॅक्स बॅडअ‍ॅस साँग' काढणाऱ्या कृष्णवर्णीय दिग्दर्शक मेल्विन व्हॅन पीबल्स यांनी कुणाच्या आग्रहाची वाट पाहिली नाही. चित्रपटाला मिळालेला 'एक्स' (फक्त प्रौढांसाठी) शिक्का त्यांनी पोस्टरवरच मिरवला : सगळ्या गोऱ्या ज्युरीने दिलेला 'एक्स'! पुढे 'शाफ्ट', 'सुपर फ्लाय', पॅम ग्रिअर यांचा 'कॉफी' अशी पोस्टरं आली. बंदुका, अंगप्रदर्शन आणि गुन्हेगारी यांवरून त्यांच्यावर कृष्णवर्णीय संघटनांनीच टीका केली. ती टीका रास्त होती. तरीही पोस्टरच्या मधोमध, पूर्ण उंचीने उभी राहिलेली ही माणसं मुख्य प्रवाहाच्या पोस्टरांवर त्याआधी क्वचितच दिसली होती. १९८९ च्या 'डू द राइट थिंग'चं पोस्टर आर्ट सिम्स या कृष्णवर्णीय संकल्पनकाराने केलं.

२०१३ मध्ये 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह'ची इटलीत जाहिरात सुरू झाली तेव्हा तिथल्या काही पोस्टरांवर छोट्या भूमिकेतले ब्रॅड पिट भलेमोठे होते आणि नायक चिवेटेल एजिओफोर खाली कोपऱ्यात. ओरड झाल्यावर ती पोस्टरं मागे घेतली गेली आणि इटलीतल्या वितरकांनी माफी मागितली.