जुनी पेन्शन : १ नोव्हेंबर २००५ ची रेघ

निवृत्तीनंतरचं आयुष्य लांबलं, प्रत्येक वेतन आयोगासोबत पेन्शनही वाढली आणि तिचा पैसा त्या-त्या वर्षीच्या तिजोरीतून जात राहिला. म्हणून केंद्राने १ जानेवारी २००४ पासून नव्या भरतीला (सैन्यदलं सोडून) पगारातून कपात न करता ठरलेली पेन्शन देणारी जुनी योजना बंद केली. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ ही तारीख धरली. शासन निर्णय आदल्याच दिवशीचा. नव्या योजनेत पगारातून १० टक्के कपात, तेवढीच सरकारची भर, पुढे बाजार देईल ते. सरकारची भर नंतर १४ टक्के झाली.

खरं भांडण या तारखेचं. एकाच जाहिरातीतून निवडलेले दोघे घ्या. पहिला ऑक्टोबरात रुजू झाला. दुसऱ्याचा आदेश पडताळणीत अडकला, तो नोव्हेंबरात आला. पहिल्याला अखेरच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाई भत्ता. दुसऱ्याला काय मिळेल, हे कुणालाच सांगता येईना. उशीर कार्यालयाचा, भुर्दंड उमेदवाराला. पण ‘रुजू झाल्याची तारीखच धरणार’ हा हेका जवळपास दोन दशकं टिकला. या काळात कर्मचारी सेवेत दगावला तर घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतनही नव्हतं.

डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात जुन्या पेन्शनला साफ नकार मिळाला. कारण, १ लाख १० हजार कोटींचा बोजा. राजस्थान, छत्तीसगड तोवर जुन्या योजनेकडे परतले होते. दोनच महिन्यांत नागपूर शिक्षक मतदारसंघात सत्ताधाऱ्यांच्या पाठिंब्याचा विद्यमान आमदार पडला. प्रचारात गाजली ती पेन्शनच. मार्चमध्ये सात दिवसांचा संप झाला आणि महिनाअखेर कुटुंब निवृत्तिवेतन व ग्रॅच्युइटीचा आदेश निघाला. डिसेंबरात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’च्या पांढऱ्या टोप्या पुन्हा नागपुरात होत्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये, जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची असेल तर जुन्या योजनेचा एकदाच विकल्प देणारा निर्णय निघाला. लाभ सुमारे २६ हजारांना. ऑगस्टमध्ये केंद्राच्या एकीकृत पेन्शन योजनेला राज्याने लगोलग होकार दिला : २५ वर्षं सेवेवर निम्मी पेन्शन, कपात मात्र कायम.

खासगी शाळांतले कित्येक शिक्षक तरीही बाहेरच राहिले. त्यांची नेमणूक २००५ पूर्वीची, पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालं. त्यांच्यासाठी शासन नेमणुकीची तारीख धरत नाही, अनुदानाची धरतं.