सक्युलंटची उभी चौकट

भिंतीवर टांगायच्या उथळ पेटीत मांसल पानांची झाडे दाटीने लावून केलेली छोटी बाग. ही झाडे पानांत पाणी साठवतात आणि त्यांची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे जेमतेम ८ सेंमी मिश्रणातही ती तगतात. एचेव्हेरिया, सेडम, ग्रॅप्टोपेटॅलम, हॉवर्थिया आणि जेड यांची निवड करावी. कोरफड व पानफुटीही मांसलच, पण त्या वाढून जड होतात आणि शेजारच्या रोपांना झाकतात.

पेटी ४५ × ३० सेंमी, खोली ८ सेंमी. मागे ६ मिमी वॉटरप्रूफ प्लायवूड, खालच्या फळीला ६ मिमीची पाच-सहा भोके. भरण्यासाठी सुमारे ११ लिटर मिश्रण लागते: दोन भाग धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाडी वाळू, एक भाग परलाइट (फुगवलेले हलके पांढरे खनिज), अर्धा भाग गांडूळखत. काळी माती मूठभरही घालू नये. ओली असताना ती पाणी धरून मुळे कुजवते, सुकली की आकसून भेगाळते. मिश्रण दाबून भरल्यावर वर काथ्याचा पातळ थर पसरावा आणि मग १२ मिमीची चौकोनी तारेची जाळी स्टेपल करावी. काथ्या नसला तर पेटी उभी करताच भुगा झरू लागतो.

कलमे ३–४ सेंमी देठाची घ्यावीत. ती सावलीत तीन-चार दिवस उघडी ठेवली की काप सुकून त्यावर खपली धरते. ओला काप लावला तर देठ बुडापासून काळा पडतो. पेन्सिलीने भोक करून ५ सेंमी अंतरावर लावल्यास ५४ कलमे बसतात. पहिला आठवडा पाणी नाही, नंतर हलका फवारा.

पुढचे चार ते सहा आठवडे पेटी आडवीच ठेवावी. बहुतेक पेट्या इथेच बिघडतात, कारण रोपे टवटवीत दिसतात म्हणून ती लगेच टांगली जाते. पान हलकेच ओढून पाहावे; रोप जागचे हलले नाही, तर मुळांनी काथ्या धरला असे समजावे.

ओली पेटी १२ किलोच्याही पुढे जाते, म्हणून भिंतीत गिट्टी (स्क्रू घट्ट धरणारा प्लग) ठोकून दोन स्क्रूंवर टांगावी आणि भिंतीपासून २ सेंमी फट ठेवावी, म्हणजे ओल उतरत नाही. उभ्या पेटीला पाणी घातले तर ते खाली साचते: वरची ओळ सुरकुतते, खालची सडते. त्यामुळे पाण्यासाठी ती दर वेळी उतरवून आडवी करावी, निथळली की परत टांगावी. मिश्रण आतपर्यंत सुकल्याशिवाय पुन्हा पाणी नको. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर पेटी छपराखालीच हवी.

सकाळचे कोवळे ऊन मानवते. पश्चिमेची तापलेली भिंत पाने भाजते, अंधाऱ्या गॅलरीत देठ लांबुडके होतात. असे शेंडे छाटून, खपली धरल्यावर रिकाम्या जागी लावता येतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक पुंजका टिपून काढावा.