सप्लाय चेनचा तास कुठून सुरू झाला

एमबीएच्या दुसऱ्या वर्षी इलेक्टिव्ह निवडताना सप्लाय चेन आणि टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट हे विषय अनेकदा शेजारीशेजारी दिसतात. मुलांना ती दोन वेगळी क्षेत्रं वाटतात. एक गोदाम-ट्रकचं, दुसरं संगणकाचं. प्रत्यक्षात या दोन्हींचा धागा एकाच माणसापर्यंत जातो.

जे फॉरेस्टर हे मूळचे विद्युत अभियंते. अमेरिकेतल्या एमआयटीत ‘व्हर्लविंड’ संगणक उभारताना त्यांनी चुंबकीय कोअर मेमरी विकसित केली आणि १९५६ साली ते तिथल्याच मॅनेजमेंट स्कूलमध्ये शिकवायला गेले. तिथे जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी त्यांच्यापुढे एक कोडं ठेवलं. कंपनीच्या केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात कधी तीन-तीन पाळ्या चालत, तर काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवावं लागे. बाजाराची तेजी-मंदी हे कारण कोणालाच पुरेसं वाटत नव्हतं. फॉरेस्टर यांनी वहीत पेन्सिलीने आठवड्यामागून आठवड्याचा हिशेब मांडला आणि दिसलं ते असं: मागणी स्थिर असली, तरी ऑर्डर देण्याच्या आणि माणसं घेण्याच्या नियमांमुळेच हे हेलकावे उठू शकतात. १९५८ साली त्यांनी हे विचार हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडले.

‘बिअर गेम’ हा वर्गात खेळायचा खेळ याच विचारातून एमआयटीत जन्मला. माझ्या मते या विषयाचा यापेक्षा चांगला पहिला तास नाही. टेबलावर चार जागा असतात: किरकोळ दुकानदार, होलसेलर, वितरक आणि कारखाना. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची. माल हातात पडायला काही आठवडे लागतात. गिऱ्हाईक सुरुवातीला आठवड्याला ४ खोकी मागतं, मग ८ मागतं आणि शेवटपर्यंत ८ वरच राहतं. एवढाच बदल! तरी दुकानदार घाबरून जास्त मागवतो, होलसेलर त्याहून जास्त, आणि थोड्याच वेळात कारखानदारापुढे न खपलेल्या मालाचा डोंगर उभा राहतो. शेवटी गिऱ्हाइकाच्या मागणीचा आलेख काढायला सांगितला की बहुतेक जण मोठे चढउतार काढतात. खरा आलेख दाखवल्यावर वर्ग गप्प होतो. त्यात फक्त एक पायरी असते. एमआयटीचे प्राध्यापक जॉन स्टरमन यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर खेळणाऱ्या गटांचा सरासरी खर्च, शक्य असलेल्या किमान खर्चाच्या सुमारे दहापट निघाला होता.

‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हे नाव मात्र बरंच उशिरा रुळलं. सल्लागार कीथ ऑलिव्हर यांनी १९८२ साली एका मुलाखतीत ते वापरलं. तोवर कंटेनर जहाजं आणि बारकोड आले होते, आणि लागेल तेवढाच माल लागेल तेव्हा आणायची टोयोटाची पद्धत जगभर चर्चेत येऊ लागली होती. १९९७ साली स्टॅनफर्डचे प्राध्यापक हाउ ली आणि सहकाऱ्यांनी ‘बुलव्हिप’, म्हणजे साखळीत मागे जावं तसा ऑर्डरींचा चढउतार चाबकाच्या फटकाऱ्यासारखा वाढत जाण्याचा परिणाम, नीट उलगडून दाखवला. त्यातलं डायपरचं उदाहरण अजून वर्गात सांगतात. बाळांना दर आठवड्याला साधारण तेवढेच डायपर लागतात, पण प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे वितरकांच्या ऑर्डरी मात्र वरखाली उड्या मारत येत होत्या.

आपल्याकडे हा विचार औद्योगिक अभियांत्रिकीच्या वाटेनेही आला. १९६१ सालचं आयआयएम कलकत्ता एमआयटीच्याच मदतीने उभं राहिलं. पवईचं निटी, म्हणजे औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था, १९६३ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या साहाय्याने सुरू झालं. उत्पादन आणि ऑपरेशन्स ही त्याची ओळख. २०२३ साली त्याचं आयआयएम मुंबई झालं.

२०२० मध्ये कोविडच्या धास्तीने जगभरच्या मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी कापल्या. मागणी अपेक्षेआधीच परतली, पण तोवर चिप कारखान्यांची क्षमता इतर उपकरणांकडे वळली होती. मग तुटवड्याच्या भीतीने जो तो गरजेपेक्षा जास्त नोंदवू लागला. पुणे-चाकण पट्ट्यातल्या वाहन उद्योगालाही याची झळ बसली. या वेळी खोकी खेळातली नव्हती.