अलिबागचा किनारा आणि कुलाबा किल्ला

रायगड जिल्ह्यातील अलिबाग येथील समुद्रकिनारा व त्यालगतची ऐतिहासिक स्थळे. काळसर, घट्ट वाळूच्या या किनाऱ्यासमोर खडकावर कुलाबा किल्ला आहे. ओहोटीला तिथे पायी किंवा घोडागाडीने जाता येते. भरतीला तीच वाट पाण्याखाली जाते. म्हणून त्याला मिश्रदुर्ग, म्हणजे ओहोटीला भूदुर्ग व भरतीला जलदुर्ग, म्हणतात. तिथीला तीनने गुणून चारने भागले की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते: अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, तर बाराच्या सुमारास ओहोटी. किल्ल्यावर निघण्याआधी हा हिशेब करावाच. पाणी चढू लागले की परतीची वाट फार वेळ उघडी राहत नाही.

किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६८० मध्ये सुरू झाले व संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. तटाचे मोठमोठे दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. तट जवळून पाहावा तो यासाठी. उत्तरेच्या खडकावर सर्जेकोट हा छोटा जोडकिल्ला आहे. तो खडक शत्रूच्या हाती पडला असता, तर मुख्य किल्ल्यावर तिथून मारा करता आला असता, म्हणून तिथे तो बांधला.

कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीजांनी मिळून केलेला हल्ला इथे फसला. आतील सिद्धिविनायक मंदिर राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधले. त्यात गणेश पंचायतन, म्हणजे गणपतीसह पाच देवांच्या मूर्ती, आहे. चहूकडे खारे पाणी असूनही किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. तटावरील चाके असलेल्या दोन तोफा मात्र आंग्र्यांच्या नव्हेत. त्यांवर १८४९ हे साल आहे आणि आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी १८४० मध्येच खालसा केले होते.

किनाऱ्याजवळच कान्होजींनी १७२० मध्ये बांधलेला हिराकोट आहे. पुढे त्याचा तुरुंग झाला. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवणारी इथली भूचुंबकीय वेधशाळा १९०४ पासूनची. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार व विजेमुळे नोंदी बिघडणार, म्हणून मुंबईच्या कुलाबा भागातील हे काम अलिबागला आणले गेले. चुंबकीय गुण नसलेल्या साहित्याने तिच्या खोल्या बांधल्या आहेत.

कान्होजींचे निधन ४ जुलै १७२९ रोजी झाले. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे. किल्ला पाहून थेट परतणाऱ्यांची ती राहून जाते. भरतीमुळे वाट बंद असेल, तेव्हा तिथे आधी जावे.